टू-बीएचके दुबईत, कायदा दोन्हीकडचा

रविवारची दुपार, सेनापती बापट रोडवरचं एखादं पंचतारांकित हॉटेल. बँक्वेट हॉलच्या मधोमध काचेच्या पेटीत एक टॉवर उभा असतो, हातभर उंचीचा. आत बारीक दिवे, खाली निळाशार स्विमिंग पूल, कडेला काडेपेटीएवढ्या गाड्या. कोट घातलेला मुलगा तुम्हाला 'सर' म्हणतो, बायकोला 'मॅम' म्हणतो आणि पोराच्या हातात फुगा देतो. चहा-सँडविच फुकट. स्टँडीवर तीन ओळी असतात: टॅक्स-फ्री भाडं, महिन्याला फक्त एक टक्का हप्ता आणि दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा. बाहेर पडेपर्यंत बऱ्याच जणांनी कार्ड स्वाइप केलेलं असतं.

गंमत अशी, की या तिन्ही ओळी खोट्या नाहीत. दुबईत त्या खऱ्याच आहेत. पण फ्लॅट दुबईत असला तरी तुम्ही बाणेरला राहता, पगार रुपयात घेता आणि रिटर्न आपल्या आयकर खात्याकडे भरता. तिथला कायदा मला घर घेऊ देतो का, हे सगळे विचारतात. त्या घरासाठी इथला कायदा पैसे कसे बाहेर जाऊ देतो, हे आधी विचारणारं मला वर्षाकाठी एखाददुसरं भेटतं. बाकीचे नंतर येतात, कागदांची फाइल घेऊन.

मार्चमध्ये असंच एक जोडपं आलं. दोघंही आयटीत, पस्तिशीच्या आतबाहेर, मुलगी बालवाडीत. (ओळखू येऊ नयेत म्हणून दोन-चार तपशील इकडचे तिकडे केलेत.) जुमेराह व्हिलेज सर्कलमध्ये १४ लाख दिरहमचा, अजून बांधून व्हायचा फ्लॅट त्यांनी बुक केला होता. ६० टक्के रक्कम बांधकाम चालू असताना, उरलेले ४० टक्के ताबा मिळाल्यावर दोन वर्षांत. टोकन म्हणून २०,००० दिरहम प्रदर्शनातच दिलेले. करार ई-मेलवर आला होता, सही व्हायची होती.

"मॅडम, तुम्ही फक्त करारावर एक नजर टाका," तो म्हणाला.

"अरे, आधी त्यांना कार्डाचं सांग," ती म्हणाली.

त्या एका वाक्यावरून मला कळलं, की या घरात ब्रोशर कोण वाचतं आणि बारीक टाइप कोण.

आधी दुबईची बाजू घेऊ, कारण ती तुलनेनं सोपी आहे. परदेशी माणसाला तिथे मालकी हक्कानं घर घेता येतं, पण सगळीकडे नाही. २००६ च्या ७ क्रमांकाच्या कायद्यानं हे ठरवलं: आखाती देशांबाहेरच्या लोकांना फक्त ठरवून दिलेल्या भागांत फ्रीहोल्ड, नाहीतर ९९ वर्षांपर्यंतचा लीज. त्यामुळे पहिला प्रश्न 'व्ह्यू कसला आहे' हा नसतो. ही जमीन त्या ठरलेल्या भागात येते का, आणि मला मिळतंय ते फ्रीहोल्ड आहे की लीज, हा असतो. दोन्हींची ब्रोशरं सारखीच चकचकीत असतात.

दुसरं म्हणजे एस्क्रो खातं. न बांधलेला फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरनं ग्राहकांचे पैसे त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यातच ठेवायचे, हा नियम दुबईनं २००७ मध्ये केला. त्याच वर्षी तिथली रेरा आली. आपलं महारेरा सुरू झालं मे २०१७ मध्ये. म्हणजे या बाबतीत ते आपल्या दहा वर्षं पुढे होते. मग २००८ च्या १३ क्रमांकाच्या कायद्यानं सांगितलं, की बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटची विक्री प्राथमिक नोंदवहीत चढली नसेल, तर ती विक्रीच रद्दबातल. ही नोंद म्हणजेच तुम्ही ऐकता ते 'ऊकूद'.

कायदे असे झाले आणि लगेच २००८-०९ ची मंदी आली. भाव निम्म्यावर, काही ठिकाणी त्याच्याही खाली गेले. नोव्हेंबर २००९ मध्ये दुबई वर्ल्डनं देणेकऱ्यांकडे मुदत मागितली आणि अनेक प्रकल्प वाळूतच राहिले. तेव्हा हप्ते भरून बसलेल्यांमध्ये आपली माणसंही होती. नियम तिथे आता चांगले रुळलेत, हे मी मोकळेपणानं मान्य करते. पण नियम तुमच्या बाजूनं तेव्हाच उभा राहतो, जेव्हा तुम्ही पैसे नियमाच्या खात्यात टाकलेले असतात. ब्रोकर म्हणतो, "सर, बुकिंग अमाउंट आमच्या कंपनीच्या खात्यात टाका, आम्ही पुढे पाठवतो." नाही टाकायची. प्रकल्पाचं एस्क्रो खातं कुठल्या बँकेत आहे, प्रकल्पाची नोंद आहे का, काम किती टक्के झालंय, हे दुबईच्या लँड डिपार्टमेंटच्या 'दुबई रेस्ट' नावाच्या ॲपवर घरबसल्या बघता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि समोरच्या मुलाच्या देखत केलं तर आणखी बरं.

हप्ता चुकला तर काय? हा प्रश्न प्रदर्शनात कोणी विचारत नाही, शुभ बोल नाऱ्या वगैरे. पण बिल्डरनं लँड डिपार्टमेंटमार्फत ३० दिवसांची नोटीस दिली आणि तुम्ही पैसे भरले नाहीत, तर तो करार मोडू शकतो. काम ६० टक्क्यांच्या पुढे गेलेलं असेल तर फ्लॅटच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत, त्याहून कमी झालं असेल तर २५ टक्क्यांपर्यंत रक्कम कापून घेऊ शकतो. नीट वाचा: तुम्ही भरलेल्या पैशाच्या नाही, फ्लॅटच्या किमतीच्या. १४ लाखांच्या फ्लॅटवर २५ टक्के म्हणजे साडेतीन लाख दिरहम. नोकरी गेली, घरात आजारपण आलं, या कारणांना त्यात जागा नाही.

वर हप्ते दिरहमात. २००८ च्या सुरुवातीला एक दिरहम अकरा रुपयांच्या आतबाहेर होता. आज त्याच्या दुपटीहून जास्त मोजावे लागतात. तुमचं इन्क्रिमेंट रुपयात होतं, हप्ता डॉलरबरोबर हलतो. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाकी खर्च भराभर सांगते. रजिस्ट्रेशनचे ४ टक्के. कायद्याच्या भाषेत ते दोघांनी वाटून घ्यायचे, प्रत्यक्षात घेणाराच भरतो. दरवर्षी चौरस फुटावर सर्व्हिस चार्ज, आणि तो आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्ससारखा नसतो, चांगलाच लागतो. तुम्ही जाणार नसाल तर मुखत्यारपत्र: इथे नोटरी, मग सरकारी साक्षांकनाच्या पायऱ्या, परराष्ट्र मंत्रालय, यूएईचं कॉन्सुलेट आणि शेवटी अरबी भाषांतर. करार दोन भाषांत असतो, पण दुबईच्या कोर्टात अरबी मजकूर चालतो. म्हणून तिथला स्वतःचा वकील हवा. बिल्डरनं सुचवलेला नको. मी हा करार वाचू शकते, पण दुबईच्या कायद्यावर मत देणं हे माझं काम नाही, आणि जो पुण्यातला वकील ते करतो म्हणतो त्याच्यापासून दोन हात लांब राहा.

हे सगळं सांगितल्यावर तो जरा वैतागला. "पण मॅडम, आपण रोख पैसे मोजतोय. बायर आहोत आपण. एवढं काय?"

मी त्याला गोव्याचं उदाहरण दिलं. टुरिस्ट व्हिसावर मोरजीमला हिवाळा काढायला आलेल्या माणसाला कितीही पैसे मोजून तिथे घर विकत घेता येत नाही. भारतात त्याचं वास्तव्य फेमा कायद्याच्या व्याख्येत बसावं लागतं, १८२ दिवसांचा हिशोब असतो आणि राहण्याचा हेतू बघितला जातो. तेव्हा आपण म्हणतो, बरोबर आहे, परका माणूस, नियम पाळायला नकोत का? विमानात बसून तीन तासांनी उतरलं, की तो परका माणूस आपण असतो. प्रत्येक देश आपली रेघ वेगळीकडे मारतो. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, पण कॉन्डो घेता येतो, तोही इमारतीच्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांची मर्यादा भरेपर्यंतच. सिंगापूरनं एप्रिल २०२३ मध्ये परदेशी खरेदीदाराची जादा स्टॅम्प ड्यूटी ६० टक्के केली. ऑस्ट्रेलियानं १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षं परदेशी लोकांना जुनी घरं घ्यायला बंदी घातली. दुबई यांच्यापेक्षा पाहुण्याला बरीच मोकळी आहे. म्हणून तर दर रविवारी प्रदर्शनं तिची भरतात.

आता इथली बाजू. इथे मी खुर्ची पुढे ओढते.

भारतात राहणाऱ्या माणसाला परदेशात घर घेण्याचा सरळ रस्ता एकच: रिझर्व्ह बँकेची लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम, म्हणजे एलआरएस. माणशी, एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर, मे २०१५ पासून. ही योजना २००४ मध्ये २५,००० डॉलरनं सुरू झाली होती. मध्ये ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा रिझर्व्ह बँकेनं मर्यादा ७५,००० वर आणली आणि त्यातून परदेशात घर घ्यायलाच बंदी केली. पुढच्या वर्षी ती उठली. हे एवढ्यासाठी सांगते, की तीन वर्षांचे हप्ते चालू असताना असा दरवाजा मध्येच बंद होऊ शकतो, आणि एकदा झालेला आहे. बिल्डर त्यासाठी थांबत नाही.

आता तो मघाचा आकडा. २,५०,००० डॉलर म्हणजे ९ लाख १८ हजार दिरहम. नवरा-बायको मिळून १८ लाख ३६ हजार. गोल्डन व्हिसासाठी मालमत्ता हवी २० लाख दिरहमची, वर रजिस्ट्रेशनचे ८० हजार आणि ब्रोकरची दलाली. म्हणजे दोघांच्या नावावर मिळूनही तो फ्लॅट एका आर्थिक वर्षात पूर्ण पैसे देऊन घेता येत नाही. थोडे ३१ मार्चच्या आधी, थोडे १ एप्रिलनंतर, असा खेळ करावा लागतो. तो कायदेशीर आहे. पण ज्याची मर्यादा वापरायची तो माणूस फ्लॅटचा सहमालकही असायला हवा. "सासऱ्यांच्या खात्यातून पाठवा, नाव तुमचंच ठेवू," असा सल्ला या दोघांना मिळाला होता. तसं चालत नाही. सासऱ्यांनी मुलाला रुपयात बक्षीस दिलं आणि मुलानं स्वतःच्या मर्यादेत पाठवलं, तर चालतं. फरक कागदाचा वाटतो, पण फेमात कागद म्हणजेच सगळं. मोडला तर रकमेच्या तिप्पट दंडाची तरतूद आहे.

आणि कार्ड. घर घेणं हा भांडवली व्यवहार आहे. त्याचे पैसे बँकेत ए-टू फॉर्म भरून, कारण लिहून, पॅन देऊन, एलआरएसमधून जायला हवेत. क्रेडिट कार्ड हॉटेलचं बिल द्यायला असतं. बँक्वेट हॉलमध्ये मशीन पुढे करणाऱ्याला याचं सोयरसुतक नसतं.

टॉप-अप लोनचं ऐकून मी हातच जोडले. एलआरएसमधून भांडवली व्यवहारासाठी पैसे पाठवायला बँकांनी कर्ज द्यायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेचं स्पष्ट सांगणं आहे. म्हणजे घराच्या नूतनीकरणासाठी म्हणून लोन काढायचं आणि दुबईला पाठवायचं, यात तुम्ही बँकेशी आणि रिझर्व्ह बँकेशी, दोघांशी खोटं बोलता. तिथल्या बँका परदेशी ग्राहकाला कर्ज देतात, त्यांच्या कायद्यात ते बसतं. पण इथे राहणाऱ्या माणसानं परदेशातून कर्ज उचलणं फेमात असं मोकळं सोडलेलं नाही. त्यांच्या प्लॅनमधले ताबा मिळाल्यानंतरचे ४० टक्के याच कारणानं मला खुपत होते. घर ताब्यात आलं, भाडंही सुरू झालं आणि किंमत अजून देणं आहे, याला हप्ता म्हणायचं की उधारी? जाणकारांत यावर दोन मतं आहेत. माझं मत सावध आहे: ज्या प्लॅनचा बचाव उद्या अधिकाऱ्यासमोर करावा लागेल, तो आज घेऊ नये. ताबा मिळेपर्यंत पूर्ण पैसे, किंवा मग तयार फ्लॅट.

"मग एक टक्कावाला प्लॅन?" तिनं विचारलं.

"ताब्याच्या आत संपत असेल तर बघू."

टीसीएसबद्दल बहुतेकांना अर्धवट माहिती असते. अशा कारणासाठी एका आर्थिक वर्षात माणशी १० लाख रुपयांच्या वर पाठवलेत, तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के कापते (१० लाखांची ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची, आधी ती ७ लाख होती). ६० लाख पाठवायचे असतील तर १० लाख वेगळे तयार ठेवा. ते बुडत नाहीत, तुमच्या पॅनवर जमा होतात आणि टॅक्समध्ये वळते होतात. ऑक्टोबर २०२४ पासून नोकरदारांना ते ऑफिसला कळवून पगारातला टीडीएस तेवढा कमी करून घेता येतो. पण मध्यंतरी पैसे अडकतात, आणि नेमका तेव्हाच बिल्डरचा पुढचा हप्ता येतो.

राहिली 'टॅक्स-फ्री भाडं' ही ओळ. यूएईमध्ये व्यक्तीच्या भाड्यावर आयकर नाही, खरं आहे. पण तुम्ही भारतात रहिवासी आहात, म्हणजे जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न तुमच्या इथल्या रिटर्नमध्ये येतं. ३० टक्के वजावट मिळते, उरलेल्यावर तुमच्या स्लॅबनं टॅक्स. तिथे टॅक्स भरलेला नसल्यामुळे इथे सूट मागायलाही काही उरत नाही. विकताना नफा झाला तर तोही इथे करपात्र. गोल्डन व्हिसा मिळाला म्हणून यात फरक पडत नाही. तुम्ही राहता कुठे आणि किती दिवस, यावर ते ठरतं.

शिवाय दरवर्षी रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हा फ्लॅट दाखवावा लागतो. त्यासाठी 'सहज' फॉर्म चालत नाही. हिशोब आर्थिक वर्षाचा नाही, कॅलेंडर वर्षाचा. फ्लॅट अर्धवट आहे, भाडं येत नाही, म्हणून दाखवला नाही, हे उत्तर मी तरी कुणाला देऊ देणार नाही. पैसे गेलेत, हक्क तयार झालाय, दाखवा. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात ही माहिती न देण्याचा दंड १० लाख रुपये आहे. २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला यातून सवलत मिळाली, पण त्यात स्थावर धरलेलं नाही. बँक खातं, शेअर यांना सूट आहे. घराला नाही.

आणि तळेगावचा प्लॉट. हे ऐकताना त्याचा चेहरा उतरला. वडिलांनी तो कधीकाळी पोटाला चिमटा काढून घेतलेला, आता चांगल्या भावाला गिऱ्हाईक आलं होतं. त्यांचं गणित असं, की प्लॉट विकून घरात पैसे गुंतवले की कॅपिटल गेन्स टॅक्स वाचतो. वाचतो, पण ते घर भारतात असेल तर. कलम ५४ आणि ५४एफ म्हणून सगळ्यांना पाठ असलेली ती सवलत २०१४ च्या अर्थसंकल्पानं भारतातल्या घरापुरती केली. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत, तत्त्व तेच.) म्हणजे दुबईत टाकायच्या आधी त्या पैशातून टॅक्स गेला असता. वर बाबांचं नाव फ्लॅटवर नाहीच. आयुष्यभराची जमीन गेली, टॅक्सही गेला, आणि हातात मुलाच्या नावच्या फ्लॅटचा फोटो. कायद्याचं सोडा, हे मला माणूस म्हणूनही बरं वाटेना, आणि मी तसं बोलले.

एक बाब मात्र वेगळी. ज्यांनी दुबईत नोकरी करताना, तिथे राहत असताना, तिथल्या कमाईतून घर घेतलं आणि नंतर परत आले, त्यांना ते घर ठेवता येतं, भाड्यानं देता येतं. त्यांना एलआरएसचा प्रश्न येत नाही. तेव्हा "आमच्या मावसभावानं तर तिथल्या बँकेचं लोन काढून घेतला," हे उदाहरण तुमच्या कामाचं नाही. तो तेव्हा शारजाला राहत होता.

जाता जाता तिनं विचारलं, "आणि आम्हाला काही झालं तर?" हा प्रश्न फाइल घेऊन येणाऱ्यांपैकी बायकाच विचारतात. दुबईतल्या घराचा वारसा आपोआप चढत नाही. मुस्लिम नसलेल्यांसाठी यूएईनं २०२२ मध्ये वेगळा कायदा केला, तो फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. विल नसेल तर निम्मं जोडीदाराला, निम्मं मुलांना सारखं. ऐकायला छान आहे. पण आपल्या हिंदू वारसा कायद्यात मुलाच्या मालमत्तेत आईचाही वाटा असतो, तिथे मुलं असताना तो नाही. शिवाय विल नसेल तर वारसांपैकी कुणी आपल्या देशाचा कायदा लावा अशी मागणी करू शकतो. म्हणजे बाणेरच्या फ्लॅटला एक न्याय, दुबईच्या फ्लॅटला कुठला हे भांडून ठरवायचं, आणि तेही माणूस गेल्यावर. म्हणून तिथल्या मालमत्तेचं विल तिथेच नोंदवून ठेवावं. दुबईच्या डीआयएफसीमध्ये मुस्लिम नसलेल्यांसाठी २०१५ पासून तशी सोय आहे, आणि तिथलं काम इंग्रजीत चालतं.

त्या दोघांनी करारावर सही केली नाही. टोकन परत मागितलं; बरीच ई-मेल झाल्यावर ते आलं, ज्या कार्डावरून गेलं होतं त्याच कार्डावर. फेमाच्या दृष्टीनं त्या स्वाइपचं काय करायचं, रिझर्व्ह बँकेकडे कंपाउंडिंगला जायचं का, हे त्यांचे सीए बघताहेत. एलआरएसमधून गेलेले पैसे असे परत आले असते, तर न वापरलेली रक्कम १८० दिवसांत भारतात आणायचं बंधन असतं, तेही त्यांना सांगून ठेवलं आहे, कारण दुबईचा नाद सुटलेला नाही. आता ते तयार वन-बीएचके बघताहेत, दोघांच्या नावावर, दोघांच्या बचतीत बसेल असा, दोन खात्यांतून दोन ए-टू फॉर्म भरून. दुबईतली एक वकील नेमली आहे. तिची फी ऐकून तो दचकला होता. ब्रोकरच्या दलालीच्या जवळपास दहावा हिस्सा निघाली, तेव्हा गप्प बसला.

तळेगावचा प्लॉट बाबांनी विकला. त्या पैशातून तळेगावातच, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, स्वतःच्या नावानं फ्लॅट घेताहेत. विलचा मसुदा तयार झालाय. सासूबाईंचं नाव त्यात घालायचं, यावर दोघांचं एकमत आहे. वाटा किती, यावर घरात अजून बोलणं चालू आहे.